माझ्या नावावरचं टेबल टेनिस

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. सून ऑफिसला गेलेली. मुलगा वरच्या खोलीत दार लावून काम करत होता; त्याचं कॉम्प्युटरचं काम, आठवड्यातले बरेच दिवस घरनंच चालतं. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये सकाळी आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही, गाड्या तेवढ्या जातात, त्यामुळं फोन वाजला की मला बरंच वाटतं. कुणीतरी बोलायला आहे.

बाईचा आवाज नर्ससारखा होता, हळू आणि गोड. तिनं माझं पूर्ण नाव घेतलं आणि जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, मॅडम, आधी तुम्ही कोण ते सांगा, मग माझी तारीख. असे फोन मी रोज दोन कापतो. ती रागावली नाही. म्हणाली, तुम्ही ज्या ॲपवर बेट लावता त्या कंपनीतून बोलतेय, ॲप उघडून बघा, तिथं माझा निरोप दिसेल. उघडलं. निरोप होता.

आता हे ॲप माझंच. शनिवारी मी फुटबॉलच्या एका मॅचवर दोन पाउंड लावतो, उन्हाळ्यात क्रिकेटवर. त्यात लपवण्यासारखं काही नाही. नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतो तेव्हापासूनची सवय आहे. शनिवारची शिफ्ट सुटली की आम्ही चारपाच जण कोपऱ्यावरच्या बेटिंग शॉपमध्ये जायचो. काउंटरवर छोट्या निळ्या पेन्सिली ठेवलेल्या असायच्या, मागं रबर नसलेल्या. मला घोड्यांची नावं वाचता यायची नाहीत. मी चौथीत शाळा सोडली, आणि ती शाळाही मराठी. पण आकडे मला कुणी शिकवायला नकोत. मी नंबरावर लावायचो. बाकीचे नाव बघून लावायचे आणि माझ्याइतकेच हरायचे.

बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. इथं दुकानाला जायचं तर गाडी पाहिजे, आणि मला गाडी येत नाही. म्हणून ॲप. मुलानंच ते उघडून दिलं, माझ्या नावावर, माझ्या कार्डावर.

तर बाई म्हणाली, "नव्या नियमांप्रमाणे आम्हाला विचारावं लागतं, सर. गेल्या काही आठवड्यांत तुम्ही नेहमीपेक्षा खूप जास्त पैसे भरलेत. तुम्ही ठीक आहात ना?"

मी म्हटलं, "मी ठीकच आहे. मी शनिवारी दोन पाउंड लावतो."

ती म्हणाली, "सर, तुमचं रोजच चालू असतं. सकाळपासून. आत्ताही एक बेट चालू आहे."

"कशावर?"

"टेबल टेनिसवर."

माझ्या डोक्यावर, छतापलीकडं, मुलाच्या कामाच्या खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. खुर्ची मागं सरकली, पुढं आली. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

बाईनं विचारलं, "सर, तुमचं खातं दुसरं कुणी वापरतं का?"

मी म्हटलं, "नाही. मीच."

का म्हटलं ते मला तेव्हाही कळत होतं आणि आत्ताही कळतं. घरातली गोष्ट मी फोनवरच्या परक्या बाईला देणार नाही, मग ती कितीही गोड बोलो. ती म्हणाली, मग तुमच्या उत्पन्नाची कागदपत्रं पाठवावी लागतील, तोवर खातं थांबवते. मग म्हणाली, थोडे दिवस ब्रेक घ्यावासा वाटतो का, आमच्याकडं तशी सोय आहे. तेव्हा माझा पारा चढला. मी म्हटलं, मॅडम, मी या देशात सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, एक दिवस उशिरा गेलो नाही, मला ब्रेक शिकवू नका. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड, सर." त्यांना तसं म्हणायला शिकवलेलं असतं.

फोन ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. पानं टाकत होतो आणि काड्या ठेवत होतो, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

आमच्या घरात सगळं माझ्या नावावर आहे हे इथं सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मुलगा लबाड. गॅस माझ्या नावावर, वीज माझ्या नावावर, इंटरनेट, टीव्हीचं लायसन, सगळं. मी राहायला आलो तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, घरात मोठे तुम्ही. सून पुण्याची, तिच्या माहेरीही असंच, वडिलांच्या नावाची पाटी, वडिलांच्या नावाची बिलं. दोघांनी आनंदानं सगळीकडं माझं नाव घातलं. बँकेत जॉइंट खातं काढलं, त्यावरही माझं नाव वर. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. हॉस्पिटलात माझ्या कपड्यांवर माझं नाव नसायचं, नुसता लाँड्रीचा नंबर असायचा. इथं पोस्टमन माझं नाव घेऊन पाकिटं टाकतो.

दुपारी मी नॉटिंगहॅमला माझ्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, अशी आमची वर्षं गेली. आता तो तिथल्या विहारात रविवारी चहाचं बघतो. मी मुलाचं काही बोललो नाही. नुसतं विचारलं, हे नवे नियम काय आहेत रे?

"तुला पण फोन आला?" तो हसायला लागला. "आता तू मोठं गिऱ्हाईक झालास म्हणायचं. आधी हरलो की वाढदिवसाला फुकट बेट पाठवायचे, हॅपी बर्थडे म्हणून. आता हरलास की विचारतात, काका, जेवलात का?"

"आणि तू?"

"मला काय विचारत नाहीत. मी जिंकलो ना दोनतीनदा. आता मला वीस पेन्सच्या वर लावूच देत नाहीत. वीस पेन्स! बघ, हरणाऱ्याला डॉक्टर आणि जिंकणाऱ्याला दार."

"हा पण कायदाच?"

"कायदा कसला, त्यांची मर्जी. ते सोड. आमच्याकडं एक पोरगा आहे, चोरून बेट घेतो, फोनवर मेसेज करायचा, पैसे पाठवायचे, नाव नाही विचारत, गाव नाही विचारत. लिमिटबिमिट काही नाही."

"जिंकलास तर देतो?"

"वाटलं तर देतो," तो म्हणाला आणि परत हसला. मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "तू कशाला विचारतोस पण? तू तर दोन पाउंडवाला."

"सहज," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी डोळ्यांची अपॉइंटमेंट होती. मुलगा मला घेऊन निघाला. घरात बोलायचं तर दिवसा त्याचं दार लावलेलं आणि संध्याकाळी भिंतीपलीकडं सून असते, गाडीत कुणी नसतं. मी पट्टा लावला, पहिला राउंडअबाउट, चौकातला गोल, गेला, आणि मी विचारलं, "टेबल टेनिस कोण बघतं रे?"

 पुढच्या राउंडअबाउटला त्याला डावीकडं सुटायचं होतं, तो सुटला नाही. आम्ही पूर्ण फेरी मारली. परत सुटला नाही. दुसऱ्या फेरीला मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"त्यांनी फोन केला तुम्हाला?" तो म्हणाला.

"केला. मी म्हटलं, मीच खेळतो."

"बाबा!" तो म्हणाला. मग बोलायला लागला तेव्हा इंग्लिशमध्येच बोलत सुटला. मी म्हटलं, मराठीत बोल, मला नीट समजू दे. मुलगा इथं जन्मला, त्याचं मराठी घरापुरतं आहे. पण त्या दिवशी त्यानं प्रयत्न केला.

"सुरुवात ऑफिसमध्ये झाला. सगळे करायचे, लंचमध्ये. मी जिंकत होतो, बाबा, खरंच. मग हरला. मग माझा अकाउंटवर त्यांनी लिमिट लावला, पेस्लिप मागितली. दुसरी कंपनी, तिनं पण मागितली. नवीन रूल आहे ना. सगळीकडे तेच."

"मग?"

"मग तुमचं होतं."

त्यानं हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला रागही येईना. त्याला त्यात फसवणूक दिसलीच नव्हती. गॅस माझ्या नावावर, तसं हे. आणि मला नंतर कळलं, माझ्या नावावर एक नाही, चार कंपन्यांत खाती होती. सरकारनं त्याला अडवायला दार लावलं, आणि आम्ही घरातनंच त्याला मागचं दार करून दिलं होतं. वडिलांचा मान म्हणून.

"टेबल टेनिसच का?"

"ते चोवीस तास चालू असतं. कुठेतरी कुणीतरी खेळतच असतो. पाच मिनिटांत संपतं." त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "बाकी सगळ्याला वाट बघावी लागते."

"सूनबाईला माहीत आहे?"

"नाही. प्लीज, बाबा. मी थांबवतो. एकदा रिकव्हर झालं की थांबवतो."

रिकव्हर हा शब्द मला माहीत आहे. बेटिंग शॉपच्या दारात उभं राहून तो मी किती जणांच्या तोंडून ऐकला, कुठलीही भाषा असो. आमच्यातल्या एकानं त्यापायी घर घालवलं, बायको माहेरी निघून गेली ती परत आली नाही. मुलगा तेव्हा लहान होता, त्याला आठवणार नाही. मला त्या माणसाचा चेहरा आठवला. आता राउंडअबाउट संपले होते, आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होतो, आणि माझ्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती.

थेंब घातले की दोन तास नीट दिसत नाही. बाहेर बाकावर बसून मी विचार केला. ओरडून उपयोग नाही, तो बेचाळीस वर्षांचा आहे. पैसे लपवून उपयोग नाही, ते त्याच्याच फोनमध्ये आहेत. माझ्या हातात एकच गोष्ट होती, माझं नाव. त्याचं नाव त्यांनी आधीच अर्धं बंद केलं होतं. माझं मी बंद केलं, तर त्याला त्या रस्त्यानं जाता येणार नव्हतं.

फोनवरच्या बाईनं सांगितलेली सोय मला आठवली. मी जोडीदाराला परत फोन केला. तो म्हणाला, आहे की, एकाच ठिकाणी नाव घातलं की देशातल्या सगळ्या लायसनवाल्या कंपन्या तुला बंद. कुठल्याच ॲपवर खेळता येत नाही. "पण तुला कशाला? तुझे दोन पाउंड वाचवायचे आहेत का?" मी काही सांगितलं नाही.  शेवटी तो म्हणाला, "काही लागलं तर मी आहे," आणि ठेवला.

अडचण अशी, की हे सगळं इंटरनेटवर, इंग्लिशमध्ये. मला एकट्याला येणारं नव्हतं. मुलाला सांगणं म्हणजे चोराकडं किल्ली. राहिली सून.

शनिवारी मुलगा गाडी धुवायला गेला तेव्हा मी तिला म्हटलं, "बस जरा. लॅपटॉप घे. मला जुगाराचं व्यसन लागलंय. माझं नाव बंद करून दे."

हे वाक्य मी सकाळपासून मनात म्हणत होतो. लाँड्रीत सुपरवायझरसमोरही मी कधी मान खाली घालून उभा राहिलो नव्हतो. सुनेसमोर ते मी टेबलाकडं बघून म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "बाबा, काय बोलताय?"

"खरं तेच. फार वाढलं. कंपनीचा फोन आला होता."

"कशावर लावता?"

"टेबल टेनिसवर."

ती उठली, ओट्यावरचं भांडं उगाचच इकडचं तिकडं केलं, परत येऊन बसली. "बाबा, टेबल टेनिसचा एक गेम किती पॉइंटला संपतो?"

मला वाटलं हे सोपं आहे. लाँड्रीच्या कॅन्टीनमध्ये टेबल होतं, आम्ही जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. "एकवीस," मी ठामपणे म्हटलं.

"अकरा," ती म्हणाली. "कधीपासूनच अकरा. जो दिवसभर लावतो त्याला एवढं माहीत असणार, बाबा."

मग तिनं लॅपटॉप जवळ ओढला. रडेल असं मला वाटलं. रडली नाही. म्हणाली, "म्हणून हे फोन घेऊन बाथरूममध्ये जातात. मला वाटायचं, दुसरं कुणीतरी आहे." आणि हसल्यासारखं केलं. "हे बरं की ते बरं, सांगा."

मी म्हटलं, "माझं बंद कर. त्याचं तो करेल."

"तुम्ही कशाला? तुम्ही काय केलंय? शनिवारची तुमची मॅच जाईल."

"कर म्हटलं ना."

तिनं केलं. माझी तारीख घातली, पत्ता घातला, आधीचे सगळे पत्तेही घातले. मग तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "किती दिवस, विचारतायत. सहा महिने, एक वर्ष, की पाच वर्षं. मध्येच बदलता येत नाही, नीट सांगा."

"पाच."

"बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे आहात."

"मोजता येतं मला. पाच."

बटण मीच दाबलं. माझ्या फोनवरचं ॲप दुसऱ्या दिवशी उघडेना. चारही कंपन्यांतलं बंद झालं. कागदोपत्री आता मी जुगारी. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण कागदोपत्री तसंच आहे, आणि ते बदलायला मी कुणाकडं जाणार नाही.

त्याच शनिवारी मुलगा गाडी धुवून आत आला तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. सुनेनं त्याला खुर्ची ओढून दिली. मी उठून जायला लागलो तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, वडिलांनी तुमच्यासाठी स्वतःचं नाव खराब केलं. आता तुमचं तुम्ही घाला."

तो माझ्याकडं बघेना. स्क्रीनकडं बघत म्हणाला, "मी विचार करतो."

"करा. मी इथंच आहे," ती म्हणाली.

त्यानं विचार केला. चहा झाला, परत चहा झाला. मध्ये एकदा तो चिडून म्हणाला की हे सगळं सरकारचं नाटक आहे, मेसेजवर चोरून बेट घेणारे शंभर लोक आहेत, त्यांना कोण थांबवतंय. मी म्हटलं, बरोबर आहे, त्यांना कुणी थांबवत नाही. त्यानं कप बाजूला सरकवला. शेवटी त्यानं आपली तारीख घातली, पत्ता घातला, आणि 'किती दिवस' या जागी आला.

"सहा महिने," तो म्हणाला.

सून काहीतरी बोलणार होती, मी हातानं थांबवलं. मी पाच वर्षं घातली, तो सहा महिने घालत होता. मला थकवा आला. म्हटलं, "दाब." त्यानं दाबलं.

त्याला आता पाच महिने होत आले. जॉइंट खात्याचं ॲप सुनेच्या फोनवर आहे. तो तिच्याशी कमी बोलतो, माझ्याशी त्याहून कमी. ते मेसेजवाले त्याला सापडलेत की नाही, मला माहीत नाही. मी त्याचा फोन बघत नाही, आणि बघितला तरी मला काय वाचता येणार. शनिवारी मी मॅच बघतो. पैसे लावलेले नसले की मॅच फार लांब वाटते.

सून म्हणते, सहा महिने संपले तरी ते आपोआप उघडत नाही, आपल्याला स्वतः फोन करून मागावं लागतं, मगच उघडतं. मागितलं नाही तर तसंच बंद राहतं. हे ऐकल्यापासून मला विचारायचं होतं. परवा तो बागेत कुंपणाची फळी ठोकत होता, मी खिळे धरले होते. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात मागणार आहेस का?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. आधी मला वाटलं, म्हणेल नाही बाबा, अजिबात नाही. ते ऐकायला मी तयार होतो, आणि त्यावर विश्वास न ठेवायलाही.

"माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "रोज सकाळी वाटतं नाही. संध्याकाळी माहीत नाही."

बऱ्याच महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोलला असावा. मी त्याच्या हातात पुढचा खिळा दिला. म्हटलं, मग संध्याकाळी माझ्यापाशी बसत जा.

तो हो म्हणाला नाही. फळी ठोकून झाल्यावर आत गेला. पण त्या संध्याकाळी आला, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला, फोन उशीखाली ठेवून. टीव्हीवर काहीच नव्हतं. आम्ही तेच बघितलं.